पाकिटावरचा प्रांत आणि कपातली चव : चिकमगळूर, कूर्ग, अराकू यांत खरंच फरक असतो का?

खाडीकाठ (धागाकर्ता) | शनिवार, सकाळी 8:12

ठाण्यात आणि नवी मुंबईत ताज्या भाजलेल्या कॉफीची पाकिटं आता घरपोच येतात. वर ठळक अक्षरांत चिकमगळूर, कूर्ग, अराकू, वायनाड असं काहीतरी असतं आणि खाली बारीक अक्षरांत संत्रं, गूळ, कोको, मनुका. पण एकाच जिल्ह्याच्या दोन पाकिटांची चव अजिबात जुळत नाही आणि दोन वेगळ्या राज्यांतल्या कॉफ्या डोळे मिटून ओळखता येत नाहीत, असंही सर्रास होतं.

जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. प्रांतामुळे चव बदलते म्हणजे नेमकं काय बदलतं? उंची, माती, पाऊस, झाडाची जात, वाळवण यांतलं कोण किती भारी? आणि दुसरं, हा फरक घरी तपासायचा तर कोणती पाकिटं घ्यावीत आणि कॉफी कशी करावी?

वाशीचा_पूल | 8:20

मस्त विषय. खुर्ची ओढून बसलोय.

घाटमाथा | 8:55

उंचीपासून सुरुवात करू, कारण बाकीचं बरंचसं तिच्या मागून येतं. दर 100 मीटर चढलं की तापमान साधारण 0.6 अंशाने उतरतं. म्हणजे 700 मीटरवरचा मळा आणि 1300 मीटरवरचा मळा यांत साडेतीन अंशांचा फरक. अरेबिकाला (कॉफीच्या दोन मुख्य प्रजातींपैकी एक, दुसरी रोबस्टा) वर्षाची सरासरी 18 ते 22 अंश मानवते. थंडाव्यात फळ सावकाश पिकतं, दाण्यात साखर भरायला वेळ मिळतो, दाणा घट्ट होतो आणि फळासारखी आंबट चव टिकते. उष्ण जागी फळ घाईने लाल होतं. दाणा सैल राहतो, चव सपाट लागते.

पण पाकिटावरचा मीटरचा आकडा एकटा वाचू नका, अक्षांश सोबत बघा. कोलंबियात विषुववृत्ताजवळ अरेबिका 1200 ते 2000 मीटरवर लावतात. हवाईच्या कोना भागात, 20 अंश उत्तरेच्या आसपास, ती 150 ते 900 मीटरवरही उत्तम येते. चिकमगळूर 13 अंशांवर आहे, अराकू 18 अंशांवर. त्यामुळे दोन्हीकडचे 1000 मीटर म्हणजे एकच हवा, असं धरता येत नाही.

दुसरा मुद्दा पावसाच्या वेळेचा. कर्नाटकात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बहराचा पाऊस लागतो, साधारण 25 ते 40 मिलिमीटर. त्यानंतर आठ-दहा दिवसांत सगळा मळा एकदम पांढरा होतो. बहर एकदम आला की फळंही बरोबरीने पिकतात आणि तोडणी स्वच्छ होते. हाच पाऊस तुकड्यातुकड्यांत पडला तर एकाच फांदीवर हिरवी, पिवळी, लाल फळं दिसतात. मजूर ती फांदी एका हाताने ओरबाडतो, कच्ची फळं आत जातात आणि कपात गवताळ, तुरट चव येते. मळा तोच, वर्ष वेगळं, चव वेगळी. एकाच जिल्ह्याची दोन पाकिटं न जुळण्याचं हे एक कारण.

माजिवडा_नाका | 9:20

आणि माती? देवगडच्या हापूसचं कलम घाटावर लावलं तर तीच चव मिळते का? कूर्गच्या मळ्यात कॉफीशेजारी मिरी, संत्रं, वेलदोडा असतो. तो गंध कॉफीत उतरतो असं कितीतरी पाकिटांवर छापलेलं असतं.

सामू_साडेसहा | 10:05

माजिवडा दादा, देवगडचं उदाहरण बरोबर आहे, शेजारच्या संत्र्याचं नाही. मिरीचा किंवा संत्र्याच्या सालीचा गंध त्या-त्या फळातच तयार होतो. तो मुळांवाटे शेजारच्या झाडात जात नाही.

मात्र वाळवण किंवा साठवण मसाल्याजवळ झाली तर दाणे तो वास नक्की ओढून घेतात. कच्ची कॉफी वास आणि ओल दोन्ही शोषते. वाशीच्या मसाला बाजारातल्या गाळ्यात मिरी-जिऱ्याच्या थप्पीला लागून कॉफीची पोती महिनाभर ठेवा, कपात कळेल. हा दोष आहे, प्रांताचा गुण नाही.

मातीचं खरं काम निचऱ्याचं आणि अन्न पुरवण्याचं. कॉफीला मातीचा सामू (पीएच) 6 ते 6.5 हवा, पाणी मुळाशी तुंबायला नको, जमीन खोल हवी. यातलं काही चुकलं तर झाड दमतं, फळ पूर्ण भरत नाही आणि चव पोकळ होते. लाल मातीची अशी वेगळी चव कपात येत नाही.

सावलीबद्दल मात्र कोणी बोललं नाही अजून. आपल्याकडची कॉफी जवळपास सगळी सावलीतली : सिल्व्हर ओक, पांगारा, उंबराच्या कुळातली झाडं, आणि त्यांवर चढवलेले मिरीचे वेल. सावली दुपारचं ऊन तोडते, फळ पिकायला वेळ लावते. म्हणजे उंचीचं थोडं काम सावली करते. ती जास्त छाटली तर अरेबिकाला खोडकिडा धरतो. म्हणून खालच्या उष्ण पट्ट्यात शेतकरी रोबस्टाकडे वळतात. वायनाड आणि कूर्गचा मोठा भाग रोबस्टाचा आहे त्यामागे हेही कारण आहे.

नेरुळ_पूर्व | 11:30

वरचं सगळं मान्य. पण भारतीय कॉफी घेताना जिल्ह्याच्या नावापेक्षा ग्रेड आधी वाचावी, असं माझं ठाम मत आहे.

प्लांटेशन म्हणजे गर काढून, आंबवून, धुवून, पार्चमेंटच्या सालीसकट (दाण्यावरचं पातळ, कडक आवरण) वाळवलेली अरेबिका. अरेबिका चेरी म्हणजे अख्खं फळ वाळवून मग सोललेली. रोबस्टाचंही तसंच : धुतलेली ती रोबस्टा पार्चमेंट, फळासकट वाळवलेली ती रोबस्टा चेरी. पुढची एए, ए, बी ही अक्षरं चाळणीची, म्हणजे दाण्याच्या आकाराची. पीबी म्हणजे फळात जोडीऐवजी एकच गोल दाणा. आकारावरून चव ठरत नाही. केनियाच्या एएचंही तेच.

धुतलेल्या कॉफीत आंबटपणा स्वच्छ लागतो, एकेक चव सुटी कळते. फळासकट वाळवलेलीत गर दाण्याभोवती दोन-तीन आठवडे राहतो; तिच्यात दाटपणा, सुकामेवा, कधी वाइनसारखी झाक येते. एकाच मळ्याच्या या दोन कॉफ्यांतला फरक दोन जिल्ह्यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो.

प्रक्रिया मात्र कोणी हौसेने ठरवलेली नसते, ती हवामान ठरवतं. ब्राझीलच्या सेराडोत तोडणीच्या काळात कोरडं असतं, म्हणून तिथे फळासकट वाळवण परवडतं आणि त्यातून ती शेंगदाणा-चॉकलेटची गोडसर, कमी आंबट कॉफी मिळते. सुमात्रात वाळवायला सलग ऊन मिळत नाही. तिथले शेतकरी पार्चमेंट 30 ते 35 टक्के ओलं असतानाच साल काढतात आणि मऊ, उघडा दाणा वाळवतात. ओल्या मातीसारखा, देवदाराच्या लाकडासारखा जो वास सुमात्राचा म्हणून सांगतात, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. प्रांत कपात येतो तो बऱ्याचदा असा वाळवणाच्या अंगणातून.

अंगणात काय चुकतं तेही लिहिते. आंबवण लांबली की व्हिनेगरचा किंवा कांद्याचा वास येतो. थर जाड टाकला आणि दाताळं तासातासाला फिरलं नाही की खालचा थर बुरसतो. वाळवण घाईत केली की पार्चमेंट तडकतं आणि तो माल गोदामात लवकर शिळा होतो. ओल 10 ते 11 टक्क्यांवर थांबवायची असते. हे चुकलं तर 1400 मीटरची उंचीही वाचवू शकत नाही.

पामबीच | 12:10

नेरुळ ताई, प्रक्रियेला इतकं वर बसवू नका. जात कुठे गेली? पनामात बोकेतेच्या अस्येंदा ला एस्मेराल्दा या मळ्याने 2004 च्या स्पर्धेत गेशा ही जात उतरवली. त्याच डोंगरावर आधीपासून इतर जाती होत्या, त्यांना कधी तसा मोगऱ्याचा आणि बर्गमॉटचा (एक सुगंधी लिंबू) वास नव्हता. माती तीच, हवा तीच, धुण्याची पद्धत तीच. बदललं फक्त झाड, आणि ते झाड मूळ इथिओपियाचं.

केनियाचंही तसंच. ब्लॅककरंटची (एक आंबट, काळं बेरीफळ) धारदार चव प्रामुख्याने एसएल 28 आणि एसएल 34 या जातींची. 1930 च्या दशकात स्कॉट लॅबोरेटरीजने त्या निवडल्या.

घाटमाथा | 12:35

पामबीच, अर्धं मान्य. तीच गेशा खाली उतरवून उष्ण जागी लावली की तिचा फुलांचा वास पातळ होतो. जात फक्त शक्यता देते, ती उमलायला जागा लागते.

आपल्याकडे तर जात निवडतानाही प्रांताचं ऐकावं लागतं. श्रीलंकेत 1869 मध्ये तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) आढळला आणि पुढे तिथली कॉफी जवळपास बुडाली, चहा आला. आपल्याकडे 1925 मध्ये बाळेहोन्नूरला संशोधन केंद्र निघालं. तिथली एस 795 ही जात, मळेवाले तिला सिलेक्शन 3 म्हणतात, 1940 च्या दशकात पसरली. तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देते आणि कपातही चांगली लागते. पाकिटावर एस 795 लिहिलेलं असेल तर मध्यम आंबटपणा, गूळ-मसाल्याची झाक अपेक्षित धरा. चंद्रगिरी, कावेरी, सिलेक्शन 9 या वेगळ्या. पाकिटावर जात लिहिलीच नसेल तर भाजणाऱ्याला विचारा, चांगले लोक सांगतात.

दाटकाढा | 13:40

मंडळी, आमच्या नेरुळ-माटुंग्याच्या फिल्टरवाल्यांचं काय? 80-20 पावडर (80 कॉफी, 20 चिकोरी म्हणजे भाजलेल्या मुळांची पूड), पितळी फिल्टर, दूध. यात प्रांत शोधायचा तरी कुठे?

सुगंधी_खलबत्ता | 14:15

दाटकाढा काका, शोधता येतो, पण तो दाटपणात शोधायचा. दुधातली प्रथिनं कॉफीतली तुरट द्रव्यं बांधून ठेवतात आणि नाजूक आंबटपणा झाकला जातो. त्यात चिकोरी 20 टक्क्यांवर गेली की तिचा जळक्या गुळासारखा स्वाद पुढे येतो. म्हणून दुधासाठी महागडी, हलकी भाजलेली, फुलांच्या वासाची कॉफी घेऊ नये. पैसे वाया जातात.

दुधात टिकतो तो रोबस्टाचा भारदस्तपणा. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, 2.2 टक्क्यांच्या आसपास, आणि साखर कमी, त्यामुळे कडवटपणा आणि अंग दोन्ही जास्त. दुकानात सांगून घ्या : प्लांटेशन ए 60, रोबस्टा पार्चमेंट 40, चिकोरी शून्य. रोबस्टा चेरीऐवजी पार्चमेंट घेतलं की पोत्याचा, रबरी वास येत नाही. 20 ग्रॅम पावडर वरच्या भांड्यात, दाबणी हलकी, उकळी मोडलेलं 120 मिली पाणी, 12 ते 15 मिनिटं. पाच मिनिटांत सगळं खाली उतरलं तर दळण जाड आहे. अर्ध्या तासानेही अडलं असेल तर दळण फार बारीक किंवा दाबणी जोरात झाली.

दाटकाढा | 14:22

60-40 बिनचिकोरी. लिहून घेतलं.

खारघर_टेकडी | 15:05

मान्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी हवेत मुरवलेली कॉफी, कुठल्या प्रांतात धरायची? आणि जुलैत खारघरच्या बाल्कनीत एवढी दमट हवा असते, तर ती घरी करता येईल का?

नेरुळ_पूर्व | 15:40

झाड डोंगरातलं, चव किनाऱ्याची. हे उदाहरण असं आहे जिथे कॉफी जिथे वाढली त्यापेक्षा जिथे ठेवली ती जागा जास्त बोलते. शिडाच्या जहाजांतून कॉफी आफ्रिकेच्या टोकाला, केपला वळसा घालून युरोपात जायची तेव्हा महिनोन्‌महिने समुद्राची ओल शोषून दाणे पिवळट, फुगीर व्हायचे. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला, प्रवास आखडला आणि ती चव गेली. मग तीच गोष्ट मंगळूरच्या किनाऱ्यावर मुद्दाम करायला लागले.

जून ते सप्टेंबर, बाजूंनी उघड्या गोदामात अरेबिका चेरी 12 ते 20 सेंटिमीटर जाड पसरतात आणि दाताळ्याने सतत हलवतात. ओल चढली की सैल भरलेल्या पोत्यांत घालून वाऱ्याला वाट राहील अशा रांगा लावतात, पोती पुन्हा ओतून भरतात. 12 ते 16 आठवडे हे चालतं. दाण्याची ओल 13-14 टक्क्यांपर्यंत जाते, रंग फिकट सोनेरी होतो, आंबटपणा जवळजवळ संपतो आणि दाट, लाकडी, मसालेदार चव उरते.

बाल्कनीत करू नका. तुमच्याकडे ओल आहे, पण पश्चिमेचा सतत वाहणारा वारा आणि रोजचं हलवणं नाही. कोंदट जागेत बुरशी धरते आणि बुरशीचं विष भाजल्यावरही पूर्ण जात नाही. भाजलेली कॉफी उघडी ठेवली तर ती फक्त शिळी होते.

पावसाळ्यासाठी एवढंच पाळा : भाजलेली कॉफी 50-50 ग्रॅमच्या हवाबंद पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर पाणी सुटतं.

येऊरवासी | 16:10

येऊरला दोन झाडं लावली तर? "येऊर अरेबिका, सिंगल इस्टेट, बिबट्या-राखणीत"!

घाटमाथा | 16:30

राखण उत्तम, उंची कमी :) येऊरच्या उष्म्यात अरेबिका दमेल. रोबस्टा मोठ्या कुंडीत जगेल. जानेवारीपासून पाणी तोडायचं, कळ्या दिसल्या की मार्चमध्ये एकदम भरपूर द्यायचं, मग फूल येतं. रोबस्टाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, म्हणून दोन वेगवेगळी झाडं हवीतच. फूल ते पिकलं फळ, 10-11 महिने.

महाराष्ट्रातच बघायची असेल तर चिखलदऱ्याला जा. 1100 मीटरच्या आसपासची उंची आणि 21 अंश अक्षांश, तिथे कॉफीची झाडं आहेत.

तलावपाळी | 17:20

प्रांताच्या गप्पांत पाणी कोणीच काढलं नाही! कपात 98 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ठाण्यात नळाला एक, उन्हाळ्यात टँकरचं दुसरं आणि सोसायटीच्या बोअरचं तिसरं. पाण्याची क्षारीयता, म्हणजे आम्ल मारायची ताकद, 40 ते 70 पीपीएम असावी. बोअरचं पाणी 200-300 वर असेल तर ते सगळी आम्लं मारतं आणि केनिया असो की कूर्ग, सगळं खडूसारखं लागतं. उलट आरओचं 20 टीडीएसचं पाणी कॉफीला सावरून धरत नाही. चव टोकदार आंबट आणि पोकळ होते.

टीडीएसचं यंत्र क्षारीयता दाखवत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात केएच तपासायचे थेंब मिळतात, ते घ्या. बहुतेक संचांत 5 मिली पाण्याला एक थेंब म्हणजे एक अंश, म्हणजे 17.9 पीपीएम. दोन ते चार थेंबांत रंग बदलला तर पाणी ठीक.

नसेल तर आरओच्या पाण्यात घालायला दोन बाटल्या करा. एकीत एक लिटर पाण्यात 1.68 ग्रॅम खायचा सोडा, दुसरीत एक लिटरमध्ये खायला योग्य दर्जाचं 2.45 ग्रॅम एप्सम सॉल्ट. सोड्याच्या बाटलीतलं 40 ग्रॅम, एप्समच्या बाटलीतलं 70 ग्रॅम आणि आरओचं 890 ग्रॅम : एक लिटर तयार. दोन्ही बाटल्या एकत्र करून ठेवू नका, तळाशी साका बसतो.

माजिवडा_नाका | 17:45

सामू दादा, मातीवर तुमचं पटलं. पण मग 2019 मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अराकूला भौगोलिक मानांकन कशाच्या जोरावर मिळालं?

सामू_साडेसहा | 18:10

जागा, हवामान, पद्धत आणि इतिहास या सगळ्यांच्या जोरावर. बाबाबुडनगिरीला तर येमेनहून सात बिया आणल्याची सतराव्या शतकातली परंपरा आहे. मानांकन म्हणजे माल तिथलाच असल्याची खात्री. शेतकऱ्याला त्याचा भाव मिळावा म्हणून ते फार महत्त्वाचं आहे, आणि अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांसाठी तर जास्तच. पण त्या पट्ट्यात धुतलेली आणि न धुतलेली, हलकी भाजलेली आणि काळी भाजलेली, सगळी कॉफी बसते. म्हणून चवीची हमी त्यातून शोधू नये.

खाडीकाठ | 18:40

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दुकानात उभा आहे असं धरा. कोणती पाकिटं उचलू?

नेरुळ_पूर्व | 19:30

चार पाकिटं, दोन जोड्या. प्रत्येक जोडीत एकच गोष्ट वेगळी हवी.

पहिली जोडी : एकाच मळ्याची, एकाच भाजणाऱ्याची, एक धुतलेली आणि एक फळासकट वाळवलेली. ही ओळखता आली नाही तर दुसऱ्या जोडीवर खर्च करू नका. दुसरी जोडी : चिकमगळूरची धुतलेली आणि अराकूची धुतलेली. जात एकच मिळाली तर सोन्याहून पिवळं. भाजणी दोन्हींची हलकी ते मध्यम. दाण्यावर तेल चमकत असेल तर ते पाकीट ठेवून द्या. भाजताना दाणा दोनदा तडतडतो; भाजणी त्या दुसऱ्या तडतडीपलीकडे गेली की प्रांत, जात, प्रक्रिया सगळं धुरात जातं. भाजल्याची तारीख एकाच आठवड्यातली हवी आणि पाकीट फोडायच्या आधी 7 ते 14 दिवस झालेले असावेत.

करताना व्ही-60 (वरून पाणी ओतायचा शंकूचा फिल्टर) वगैरे नको, ओतणाऱ्याचा हात बदलला की चव बदलते. सारखे काचेचे किंवा चिनी मातीचे पेले घ्या, स्टीलचे नको. 200 मिलीला 11 ग्रॅम, जाड रव्याइतकं दळण, तलावपाळींचं पाणी 93 अंशांवर. ओता आणि हात लावू नका. 4 मिनिटांनी वरचा थर चमच्याने तीनदा मागे सारा, नाक जवळ न्या, फेस काढून टाका. 10-12 मिनिटांनी चमच्याने फुरका मारून चाखा. कोमट झाल्यावर पुन्हा चाखा. गरम असताना सारख्या वाटलेल्या कॉफ्या तेव्हा वेगळ्या होतात.

पामबीच | 19:50

नुसतं शेजारी ठेवून चाखलं तर मन फसवतं, पाकिटावरचं संत्रं जिभेवर येतंच. तीन पेले लावा, दोनांत एक कॉफी आणि तिसऱ्यात दुसरी. पेल्याच्या तळाला खूण, घरातल्या कोणाकडून जागा बदलून घ्या आणि वेगळा पेला ओळखा. असे सहा डाव. नशिबानेही सहापैकी दोन बरोबर येतात, म्हणून पाच किंवा सहा बरोबर आले तरच फरक खरा मानावा.

आणि प्रक्रियेबद्दल माझा हट्ट नाही, पण तिसरी जोडी जातीची लावाच : एकाच मळ्याची एस 795 आणि सिलेक्शन 9, दोन्ही धुतलेल्या.

तलावपाळी | 20:05

ग्राइंडरमध्ये आधीच्या कॉफीची भुकटी अडकते. कॉफी बदलताना पुढचे 3-4 ग्रॅम दळून फेकून द्या, नाहीतर पहिला पेला भेसळीचा होतो.

खाडीकाठ | 20:15

सहा डाव, 18 पेले, 11 ग्रॅमप्रमाणे 198 ग्रॅम कॉफी. एका बैठकीला जास्तच होतंय.

नेरुळ_पूर्व | 20:28

पेला 100 मिलीचा करा, कॉफी साडेपाच ग्रॅम. एका जोडीला 99 ग्रॅम लागतील, म्हणजे दोन पेल्यांत येणारी कॉफी आळीपाळीने बदलली तर प्रत्येक पाकिटातून 50 च्या आत. फेकायची भुकटी धरूनही 250 च्या पाकिटात तिन्ही जोड्यांनंतर प्यायला उरेल. आणि एका दिवशी एकच जोडी लावा, चाखून थुंका. 18 पेले गिळले तर रात्रभर झोप येणार नाही.